जावयाची सासरबंदी

माझ्या धाकट्या दिरांची नोकरी एका दमात सांगता येत नाही. डुकरांच्या पिल्लांमध्ये एक नवा विषाणू आला आहे. आईचं दूध सुटलं की पिल्लू वाळायला लागतं, खाल्लेलं अंगी लागत नाही, शेवटी नुसते कान आणि डोळे उरतात. हा रोग जडतो कसा, पसरतो कसा, याचा प्रयोग भाऊजींच्या संशोधन केंद्रात चालू आहे. एका खोलीतल्या पिल्लांना विषाणू टोचलाय, दुसरीतली निरोगी. भाऊजी दोन्हीकडच्यांना खाऊ घालतात, तोलतात, आणि प्रत्येक खोलीतून निघताना डोक्यावरून अंघोळ करतात. घरी मात्र सुट्टीच्या दिवशी अंघोळीला पाठवायला मला मागे लागावं लागतं. "वहिनी, आठवड्याची आगाऊ झालीय," म्हणतात.

प्रयोग संपेपर्यंत तिथल्या माणसाने, आणि त्याच्या घरच्यांनीही, दुसरीकडच्या डुकरांजवळ जायचं नाही असा नियम आहे. बुटाला, केसाला लागून रोग बाहेर गेला तर काय घ्या. नियम चांगलाच. पण भाऊजींच्या सासऱ्यांचा धंदाच डुकरं पाळायचा, अंगण ओलांडलं की डुकरांची शेड. आणि धाकटी जाऊ प्रयोग सुरू व्हायच्या आधीच बाळंतपणाला तिकडे गेलेली. मुलगी झाली, पण बापाला तिचं तोंड बघायची सोय नाही.

मग रोज फोन. भाऊजींना सवय पिल्लांची.

"दूध ओढतेय ना? कातडी चिमटीत धरून सोडली की लगेच सपाट होते?"

"अहो, नाक कुणावर गेलंय ते तरी विचारा," जाऊ म्हणायची.

मग फोन विहीणबाईंच्या, म्हणजे जाऊच्या आईच्या, हातात. "जावईबापू, माणसांत यायचा कंटाळा आला असेल तर तसं सांगा. आम्ही तिला शेपूट लावून पाठवतो."

फोन ठेवल्यावर भाऊजी तोंड पाडून बसत. "वहिनी, ती मला सोडून सगळ्यांना ओळखायला लागेल."

"एवढंसं मूल कुणालाच ओळखत नाही, भाऊजी."

"आमची हुशार असेल."

एका दुपारी दारात गाडी थांबली. विहीणबाई, मागे जाऊ, आणि दुपट्यात गुंडाळलेली ती. मी तोंड उघडायच्या आत विहीणबाई सोफ्यावर, नेमक्या भाऊजींच्या जागी, ठाण मांडून बसल्या. "आता बघू जावईबापू कुठे पळतात ते."

भाऊजी कामावरून आले आणि उंबऱ्यातच थबकले. चेहरा आधी फुलला, मग पडला.

"आई, तुम्ही बसलात?"

"मग काय, उभीच राहू?"

"आता प्रयोग संपेपर्यंत तुम्हाला घरी जाता येणार नाही. या घराला लागलात, म्हणजे तुम्हीही आमच्यातल्याच. तिकडची पिल्लं दुधावरून सुटायच्या वयाला आलीत ना? हा रोग त्यांनाच धरतो."

विहीणबाई ताडकन उठल्या. सोफ्याकडे बघितलं, मग स्वतःच्या लुगड्याकडे. ती पिल्लं त्यांनी हाताने वाढवलेली. "मी उशीलासुद्धा टेकले," त्या हळूच म्हणाल्या.

"आणि या दोघी?" मी विचारलं.

"त्याही इथेच," भाऊजी म्हणाले. गंभीर राहायचा प्रयत्न त्यांना काही जमला नाही.

विहीणबाईंनी डोळे बारीक केले. "जावईबापू, हा नियम आत्ताच तर नाही ना केलात?"

"तिथल्या भिंतीवर लावलाय, आई."

त्यांनी लगेच यजमानांना फोन लावला. "मी इथेच राहतेय. तुम्ही इकडे फिरकायचं नाही. आलात तर पिल्लांजवळ परत सोडणार नाही." पलीकडून, त्यांच्या मते, जरा जास्तच आनंदाने "बरं" आलं.

जाऊने मुलगी पुढे केली. पिल्लाला एका हाताने उचलणाऱ्या माणसाला हात कसे करावेत ते सुचेना. शेवटी विहीणबाईंनीच त्यांचं कोपर धरून वाकवलं. "असं. आता हलू नका."

ते हलले नाहीत. मी आणून ठेवलेला चहा गार झाला, पायाला मुंग्या आल्या, तरी उंबऱ्यातच उभे होते.