वीस गाठींचा कासरा

मी लिहिणारा माणूस नाही, हे आधीच सांगून टाकतो. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिला. आजवर परीक्षेचे पेपर आणि वस्तीवरच्या लोकांचे ऑनलाइन फॉर्म, एवढंच माझ्या हातून लिहून झालं आहे. मावशींबद्दल खरं तर त्यांच्याजवळ जास्त वर्षं काढलेल्या कुणीतरी लिहायला हवं होतं. पण तशी माणसं एकतर शेतात राबताहेत, नाहीतर अजून बाराखडीपर्यंतही पोचलेली नाहीत. म्हणून मीच धाडस करतो आहे. कमी-जास्त झालं तर सांभाळून घ्यावं.

मावशी म्हणजे डिंगोऱ्याजवळच्या आमच्या वस्तीवरच्या अंगणवाडीतल्या मदतनीस. त्यांना कुणाच्या पुढे चालताना मी कधी पाहिलं नाही. लग्नाचं वऱ्हाड असो की बाजारची वाट, मावशी सगळ्यांच्या मागे. ही सवय त्यांना उसाने लावली. वस्तीवरून अंगणवाडीकडे जाणारी पायवाट दोन्ही बाजूंनी उसाची, आणि आमच्याकडे ऊस म्हटला की बिबट्या धरूनच चालायचं. पुढे मोठं माणूस, मागे मोठं माणूस, पोरं मध्ये. सकाळी मावशी घरोघरची पोरं गोळा करायच्या आणि त्यांच्या हातात बैलाचा जुना कासरा द्यायच्या. त्याला हात-दीड हातावर गाठी, आणि प्रत्येक गाठीला वेगळ्या रंगाची चिंधी. ज्याची त्याची गाठ ठरलेली. नीट बोलता न येणारं पोरसुद्धा आपली चिंधी बरोबर ओळखायचं. कासऱ्याचं पुढचं टोक शिकवणाऱ्या सेविकाबाईंच्या हातात असायचं. शेवटच्या, विसाव्या गाठीला चिंधी नव्हती. ती मावशींची. ऊस लागला की सगळ्यांनी पाय आपटत एका सुरात ओरडायचं, "आलो आमी, सरा बाजूला!" मीही लहानपणी असाच ओरडत गेलो आहे. माझी चिंधी हिरवी होती.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. मी तेव्हा जुन्नरला बारावीत होतो. शाळेची मोठी पोरं दरवर्षी पुण्याकडच्या एका पार्कात सहलीला जायची आणि आल्यावर महिनाभर पाळण्यांच्या नि आगगाडीच्या गोष्टी सांगायची. अंगणवाडीतली बारकी तोंड उघडी टाकून ऐकत बसायची. मावशींना येत्या उन्हाळ्यात निवृत्त व्हायचं होतं. आयांच्या बैठकीत त्या एकदम म्हणाल्या, की या वर्षी बारक्यांना न्यायचं.

बैठकीत हसूच पिकलं. एवढ्याशा पोरांना काय कळतंय, ती तिथे जाऊन झोपतील, असं कुणी म्हणालं. स्वराची आई मात्र हसली नाही. स्वरा सगळ्यांत लहान, नुकतीच तीन वर्षांची झालेली आणि फारशी न बोलणारी. गर्दीत हात सुटला तर पोर कुणाला नावही सांगायची नाही, असं तिच्या आईचं म्हणणं. सेविकाबाईही कचरल्या. काही झालं असतं तर वरून विचारणा त्यांनाच होणार होती.

मावशींनी वाद घातला नाही. "जेवढी नेईन तेवढी आणीन," त्या म्हणाल्या. "एक जरी रडत घरी आलं, तर पुना कुणी बारक्यांच्या सहलीचं नाव काढू नका. मी बी न्हाई काढणार." त्यांच्या नोकरीचा तो शेवटचा हिवाळा होता. हुकलं असतं तर त्यांना दुसरी संधी नव्हती. स्वराची आई शेवटी म्हणाली, "येते, पण पोरीचा हात मी सोडायची न्हाई."

बुकिंग करायला मला बोलावलं. मी हौसेने वेळापत्रकही तयार केलं. सातला निघणे, साडेनऊला पोचणे, दहा खेळ, मध्ये जेवण, सगळं चौकटीत. मावशींनी कागद हातात घेतला, बोट फिरवत सावकाश वाचला आणि विचारलं, "भाऊ, यात शी कुठं हाय?"

मग त्यांनी आपलं वेळापत्रक सांगितलं. त्यात घड्याळ नव्हतंच. पहिली शी झाल्याशिवाय गाडी हलणार नाही. गाडीत दूध नाही, नुसते चुरमुरे, म्हणजे घाटात कुणाला उलटी होणार नाही. पोचल्यावर आधी भूक, मग खेळ. डोळे चोळायला लागली की सावली शोधून झोप. आणि काहीही झालं तरी दिवे लागायच्या आत वस्तीवर, कारण दिवे लागल्यावर पायवाट आपली नसते.

पार्काच्या नियमात वय नव्हतं, उंची होती. ते वाचून माझा चेहरा पडला. मावशींनी कपाटातून रजिस्टर काढलं. महिन्याच्या महिन्याला प्रत्येक पोराला भिंतीला उभं करून त्याची उंची त्या मापायच्याच. आम्ही एकेक नाव खेळांशी ताडून पाहिलं. सगळ्यांना बसता येईल असे तीनच खेळ निघाले. गोल फिरणारे घोडे, पाण्याचं डबकं आणि आगगाडी. मोठ्या पाळण्यात काही जणांना तरी बसवू, असं मी सुचवलं. एकाला जमत नसेल तर कुणीच बसायचं नाही, असं त्यांनी ठरवून टाकलं. तीन खेळांसाठी एवढ्या लांब जायचं का, असं मी पुटपुटलो. "पोराला तीन लई झाले," त्या म्हणाल्या. "चौथ्याला ते रडतं."

मग पंधरा दिवस अंगणवाडीत तालीम चालली. बाकांची आगगाडी. रांगेत उभं राहायचं ते दोन गाणी संपेपर्यंत. आणि सगळ्यात जास्त तालीम उतरायची. बसायला पोरं तयारच असतात, उतरताना भोकाड पसरतात, असं मावशींचं निरीक्षण होतं. म्हणून बाकावरून उतरताना प्रत्येकाने बाकाला थोपटून "जा आता घरी" म्हणायचं. मी दारातून बघायचो आणि मनात हसायचो. आता त्याची लाज वाटते.

सहलीच्या दिवशी मीही बरोबर गेलो. पार्काच्या दारात कासरा बाहेर निघाला. एकोणीस चिंध्या, एकोणीस मुठी. स्वराच्या एका हातात पिवळी चिंधी आणि दुसऱ्या हाताला आई. शेजारच्या रांगेतल्या एका गृहस्थांनी हसून विचारलं, "काय मावशी, गुरं आणलीत का?"

"व्हय दादा," मावशी म्हणाल्या, "राखायला सोपी जात्यात."

तासाभरातच भोंग्यावरून हरवलेल्या मुलांची नावं पुकारायला लागले. त्यात आमचं कुणी नव्हतं. घोड्यांवरून उतरताना पोरांनी घोड्यांना थोपटून घरी जायला सांगितलं. डबकं झालं, पोटं भरली, एका झाडाखाली सगळी ओळीने झोपली. उठल्यावर आगगाडी.

आगगाडी एका खोट्या गुहेतून जायची, हे मला ठाऊक होतं. गुहेत काय आहे, हे मी पाहिलं नव्हतं. ती माझी चूक. आत वळण घेतलं आणि समोरच्या कपारीतून लाल डोळ्यांचा एक बिबट्या गुरगुरत पुढे सरकला. पुढच्या डब्यातली शहरातली मुलं किंचाळून रडायला लागली. आमच्या डब्यातल्या सगळ्या माना एकदम त्याच्याकडे वळल्या. मला वाटलं, संपलं. आता एकोणीस भोकाडं, आणि मावशींचा शब्द गेला.

तेवढ्यात स्वराने आईच्या हातातून हात सोडवला, पाय आपटला आणि ओरडली, "आलो आमी!"

मग सगळेच. "आलो आमी, सरा बाजूला!" अख्खी गुहा दणाणली, डबा हलायला लागला. काहीतरी अपघात झाला असं वाटून गाडीवाल्याने बटण बंद केलं. गाडी थांबली, त्याबरोबर गुरगुरणं मध्येच तुटलं आणि लाल डोळे विझले. पोरांनी पाहिलं. बिबट्या गेला होता. पुढच्या डब्यातली मुलं रडायची थांबून मागे वळून बघत होती, मग एकाने टाळी वाजवली आणि सगळी गाडीच टाळ्या वाजवू लागली. बॅटरी घेऊन धावत आलेल्या माणसाने काय झालं म्हणून विचारलं. मावशी शेवटच्या बाकावर बसल्या होत्या. "काय न्हाई भाऊ," त्या म्हणाल्या, "पोरांनी वाट मोकळी केली. चालू द्या गाडी."

दिवे लागायच्या आत आम्ही वस्तीच्या फाट्यावर होतो. रडत कुणीच उतरलं नाही. बरीचशी झोपेतच बापांच्या खांद्यावर गेली. स्वरा जागी होऊन आजोबांना सांगत होती, "बिबट्या पळाला." एवढं लांब वाक्य ती पहिल्यांदाच बोलली होती. तिच्या आईने कासरा नीट गुंडाळला आणि मावशींच्या हातात दिला. पुढच्या वर्षीची सहल त्याच आठवड्यात ठरली.

उन्हाळ्यात मावशी निवृत्त झाल्या आणि निरगुडसरला लेकीकडे राहायला गेल्या. जाताना कासरा अंगणवाडीतल्या खिळ्याला टांगला आणि नव्या मदतनीस ताईला बजावलं, चिंध्या धुवायच्या, गाठी सोडायच्या नाहीत. मी पुण्याला आलो. महिन्यातून एकदा त्यांना फोन करतो. अभ्यासाची चौकशी झाली की त्यांचा प्रश्न ठरलेला, "पोरांच्या मागं कोण असतं रे?" सेविकाबाईंना आता सकाळी दुसऱ्या वस्तीवर जावं लागतं, नवी ताई एकटीच पुढे असते, एवढंच मला माहीत होतं. मी विषय बदलायचो.

गेल्या आठवड्यात आईचा फोन आला. सकाळी पोरं अंगणवाडीला निघाली होती आणि बांधावर बिबट्या बसलेला. खरा. ताई जागीच थांबली. पोरांनी मात्र पाय आपटले आणि ओरडली. तो उठला, एकदा बघितलं आणि उसात निघून गेला. सगळी सुखरूप आहेत, आई तीनतीनदा सांगत होती.

मी लगेच मावशींना कळवलं. कुणाला लागलं नाही ना, हे त्यांनी दोनदा विचारून घेतलं. मग म्हणाल्या, "ते झालं. पर मागं कोण व्हतं?"

मी आईला फोन लावला. आईलाही ठाऊक नव्हतं. विचारून सांगते म्हणाली.

आज दुपारी मेसमध्ये जेवत असताना तिचा फोन आला. मावशी निरगुडसरला गेल्या त्याच्या दुसऱ्या दिवसापासून स्वराची आई रोज सकाळी फाट्यापाशी येऊन उभी राहते. स्वरा आता पहिलीत आहे, तिची शाळा दुसऱ्या वाटेला. तरी ती येते, चिंधी नसलेली गाठ धरते आणि सगळ्यांच्या मागून चालते.