डॉक्टर रशीद आणि सहावं कलम

डॉक्टर रशीद कुठलाही मसुदा स्वतः वाचत नसत. समोरच्याला मोठ्याने वाचायला लावत आणि डोळे मिटून ऐकत. प्रतिबंधक वैद्यकशास्त्रातल्या डॉक्टरांची आमची एक संघटना आहे. एखाद्या प्रश्नावर संघटनेचं म्हणणं काय आणि सरकारने काय करावं, हे सांगणारं दोन पानी भूमिकापत्र आम्ही काढतो. ते लिहिणाऱ्या समितीची मी प्रमुख आणि जव्हारचे हे निवृत्त वैद्यकीय अधिकारी सदस्य. पहिल्याच बैठकीत मी "संबंधितांनी योग्य ती दक्षता घ्यावी" असं वाचलं, तर डोळे न उघडता म्हणाले, "मॅडम, या संबंधितांचं गाव कुठलं?" सगळे हसले. मला राग आला आणि तो बरेच दिवस टिकला.

त्यांचे वडील जव्हारच्या बाजारात भांड्यांना कल्हई करायचे. "अब्बा भांडं परत देण्याआधी आतून बोट फिरवून बघायचे. बाहेरची चमक गिऱ्हाईक बघतंच," असं ते सांगत आणि लगेच माझ्या मसुद्यातली चार विशेषणं काढायला लावत. चहात स्वतः तीन चमचे साखर घेत. मधुमेहावरचं भूमिकापत्र त्यांनीच लिहिलंय, याची कोणी आठवण दिली की म्हणत, "ते तुमच्यासाठी आहे."

आमचं खरं वाजलं ते लहान मुलांच्या वजनाच्या भूमिकापत्रावरून. सहावं कलम माझं होतं. सलग तीन महिने वजनाला न आलेल्या मुलाचं नाव अंगणवाडीच्या यादीतून कमी करावं, म्हणजे आकडे खरे राहतील. समितीला ते पसंत होतं. वार्षिक अधिवेशन आठ दिवसांवर आलं होतं. रशीदसाहेब एवढंच म्हणाले, "हे आमच्या जव्हारकडच्या वांगणी गावात वाचून दाखवू. मग मी सही करतो."

वांगणीच्या रस्त्याने माझ्या कमरेचे टाके ढिले झाले. अंगणवाडीच्या जनाताईंनी कलम नीट ऐकून घेतलं.

"दिवाळी झाली का गावात ऱ्हातंय कोण, बाई? म्हातारी माणसां नं कुत्री. पोरां आईबापासंगं वीटभट्टीवं जातात. ती वजनाला येतील कशी?"

"मग आल्यावर पुन्हा नाव घाला."

"घालाया कागद लागतात. कागद येईस्तवर पोरगं सुकतं. नाव नाय तर आहार नाय."

मी तरीही वाद घातला. खरं सांगायचं तर अधिवेशनात माझं कौतुक व्हायचं होतं आणि ते मला हवं होतं. परतताना जामसरजवळ रशीदसाहेबांनी गाडी थांबवायला सांगितली.

"नोकरीत मी हेच करायचो," ते म्हणाले. "यादी साफ दिसावी म्हणून लाल रेघ. भट्टीवरून एक पोरगी आली, फार अशक्त. यादीत नाव नाही म्हणून तिथल्या अंगणवाडीच्या ताईने तिच्या आईला कागद आणायला पाठवलं. ताईची चूक नव्हती, हुकूम माझा होता. पोरगी गेली. त्या वर्षी माझी यादी सगळ्यात चांगली ठरली." मग म्हणाले, "तुम्ही अजून ती रेघ मारलेली नाही, मॅडम."

अधिवेशनात मी उभी राहून माझं कलम मागे घेतलं. मूल जिथे असेल तिथल्या अंगणवाडीने वजन करावं आणि गावातलं नाव कायम ठेवावं, असं नवं कलम मांडलं. एका ज्येष्ठ सदस्याने मला भावनाप्रधान ठरवलं. थोडक्या मतांनी का होईना, कलम मंजूर झालं.

यंदा माघ महिन्यात रशीदसाहेब वारले. मी जव्हारला त्यांच्या घरी पोहोचले तेव्हा गावातली बरीच माणसं बसली होती. वांगणीहून मात्र एकट्या जनाताई आल्या होत्या. बाकीचे कुठे, असं मी विचारलं आणि विचारताच शरमले.

"भट्टीवं," त्या म्हणाल्या. "फोन केला सगळ्यांला. रडली माणसां तिकडं."

आमच्या कलमावर सरकारी आदेश अजून निघालेला नव्हता. जनाताईंनी पिशवीतून रजिस्टर काढून माझ्यापुढे धरलं. "गावात आज दोनच पोरां. नावां एकोणीस हायेत. साहेब दर महिन्याला येऊन मोजायचे. आता कोनाला दाखवू?"

मला रडू आवरेना. रजिस्टर मांडीवर घेतलं आणि म्हटलं, "मला दाखवा."