उत्तर छापलेली बाटली

अन्न तपासायच्या त्या प्रयोगशाळेत तिला सगळे काटाताई म्हणत. चहात साखर घालतानासुद्धा ही बाई चमच्यावरचा उंचवटा बोटाने सपाट करायची. सासूबाई म्हणायच्या, "हिच्या हातचा चहा म्हणजे औषधाचा डोस." ती हसायची आणि पुन्हा तसाच चमचा सपाट करायची. स्वभावाला कुठे औषध असतं?

बाळांच्या दूध पावडरीत शिसं किती आहे ते पाहणं हे तिचं काम. आकडा यंत्र देतं, पण यंत्र खरं बोलतंय की थापा मारतंय हे कळायचं कसं? त्यासाठी तिथे एक बाटली ठेवलेली असे. तीतही दूध पावडरच, फक्त तिच्यात शिसं किती ते जाणकारांनी आधीच पक्कं मोजून बाटलीवर छापलेलं. यंत्राने तोच आकडा दिला तर बाकीच्या नमुन्यांवर विश्वास ठेवायचा, नाहीतर काम थांबवायचं.

गोम इथेच होती. उत्तर समोर छापलेलं असेल तर कुणाचं गणित चुकेल? आकडा कमी आला की सगळे बाटलीतली पावडर यंत्राला पुन्हा लावायचे, जुळेपर्यंत लावायचे, आणि जुळलेला तेवढा कागदावर चढवायचे. काटाताईनेही तेच केलं होतं. पण ते तिला आतून खुपायला लागलं. शेवटी ती शेजारच्या टेबलावरच्या मैत्रिणीला म्हणाली, "बाटलीतली पावडर माझ्या नमुन्यांच्या रांगेत कुठेतरी ठेव. कुठली ते मला सांगू नकोस."

आकडे आले आणि मैत्रिणीचा चेहरा उतरला. बाटलीतल्या पावडरीचा आकडा छापील आकड्याच्या निम्मा होता. म्हणजे यंत्र निम्मंच शिसं दाखवत होतं, आणि काल आकडा मर्यादेच्या जरासाच खाली म्हणून ज्या मालाला 'ठीक' म्हटलं त्यात शिसं मर्यादेबाहेर असणार होतं. तो अहवाल काटाताईच्याच सहीने गेला होता. माल आज कारखान्याच्या गोदामातून निघणार होता.

काटाताई तशीच प्रयोगशाळेच्या साहेबांकडे गेली. त्यांनी ऐकून घेतलं आणि आधी केबिनचं दार लावलं. "ताई, येतो एखाद्या वेळी आकडा कमी. पुन्हा लावा."

"तीच तर खोड लागलीये आपल्याला, साहेब. पुन्हा लावणार नाही."

"अहवाल परत मागवायचा म्हणजे प्रयोगशाळेचं नाक कापलं जाईल. वर सही तुमची. निवृत्ती तोंडावर आलीये, सुखाने जा की घरी."

तिला भीती वाटली, खोटं कशाला सांगा. पण राग भीतीपेक्षा मोठा होता, आणि त्यातला बराचसा स्वतःवरच होता.

"माझंही नाक कापलं जाऊ दे," ती म्हणाली. "त्या पोरांना अजून दात आले नाहीत. समोर येईल ते त्यांना गिळावंच लागतं. मला नाही."

तिने साहेबांच्याच टेबलावरचा फोन ओढला आणि कारखान्याला लावला. "माल गोदामातच ठेवा. आमचा अहवाल चुकलाय." साहेबांनी फोन बंद करायला हात पुढे केला. तिने त्यांच्याकडे असं काही पाहिलं की तो हात मुकाट्याने मागे गेला.

पलीकडचा माणूस चिडला. हे सांगणाऱ्या तुम्ही कोण, म्हणाला.

काटाताईने स्वतःचं नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव, हुद्दा, सगळं ठणकावून सांगितलं. "लिहून घ्या," ती म्हणाली. "कालची सहीसुद्धा माझीच आहे."