उतरलेली तार

कुंभकोणमच्या सेतूरावांचा कान तयार होता, पण हात भित्रा. तरुणपणी तिरुनागेश्वरमला एका लग्नात गिटार वाजवताना सर्वांत बारीक तार तुटली आणि डोळ्याखाली सपकन बसली. तेव्हापासून ती तार पुरती चढवतील तर शपथ! बाकीच्या तारा नुसत्या कानाने चोख लावायच्या आणि या खुंटीशी आलं की माघार. त्यावर स्वयंपाकघरातून जयश्रीबाईंचा आवाज ठरलेला, "अहो, बारीक तार उतरली की! कान अहे की नाही?" बायकोचं हे बोलणं ऐकण्यात सेतूरावांचा उभा संसार झाला.

उंबऱ्याबाहेर तमिळ आणि आत मराठी, हा या तंजावरी मराठी घरांचा नेम. भाजीवाल्याशी घासाघीस तमिळमध्ये, नवऱ्याशी भांडण मराठीत. गेल्या वर्षापासून जयश्रीबाई विसरू लागल्या. आधी कॉफीतली साखर, मग लेकीचं नाव. होतं असं वयाने, म्हणत सेतूराव मनाची समजूत घालत राहिले. मग एका सकाळी त्यांना पाहून जयश्रीबाई उठून उभ्या राहिल्या, पदर सावरला आणि तमिळमध्ये म्हणाल्या, "वांगो, उक्कारुंगो." या, बसा. आपल्याच घरात सेतूराव बाहेरचे झाले होते.

त्यानंतर त्यांना फार काही नको होतं. तिने एकदा मराठीत खेकसावं, बस्स.

रविवारी त्यांनी गिटार काढली. लेक कीर्ती जवळ येऊन बसली. "अप्पा, आज तरी नीट लावा. आईला बरं वाटंल," म्हणत तिने फोनवरचं सूर दाखवणारं ॲप समोर धरलं. पडद्यावर हिरवा दिवा लागेपर्यंत सेतूरावांनी जीव मुठीत धरून बारीक तार चढवली. जयश्रीबाईंनी कान देऊन ऐकलं, मान डोलावली आणि अदबीने तमिळमध्ये म्हणाल्या, छान लावलीत हो.

छान म्हणे! सेतूरावांना रडू फुटायचंच बाकी राहिलं. त्यांनी फोन पालथा घातला, डोळे मिटले आणि खुंटी जराशी सैल केली, नेहमी राहायची तेवढीच. तार छेडली. आता तरी ओरड गं, ते मनात म्हणाले.

जयश्रीबाईंचा चेहरा उजळला. कितीतरी दिवसांनी त्या हसल्या. "आमचे यजमान अगदी अशीच लावतात," त्या म्हणाल्या, पण तमिळमध्येच. "कितीही सांगा, उतरलेलीच. तुम्ही ओळखता त्यांना?"

सेतूरावांच्या ओठांवर मराठी आली होती. पण परक्या माणसाच्या तोंडून घरची भाषा ऐकून ती बिचकली तर? तिचं हसू जाईल, या भीतीने त्यांनी मराठी आतच ठेवली.

"तेरियुम्," ते तमिळमध्ये म्हणाले. ओळखतो.