लाल गाडीची पहिली फेरी

डहाणूहून झाईकडे जाणाऱ्या किनाऱ्याच्या रस्त्यावर, घोलवडच्या जरा अलीकडे हेमांगीचं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान आहे. दुकान म्हणजे चार पत्रे, एक टेबल आणि बॅटऱ्यांची रांग. नम्रपणा मात्र या दुकानात मिळत नाही. "वायरिंगचं मला विचारायचं, बाकी सगळं देवाला," असं ती गिऱ्हाइकाला तोंडावर सांगते, आणि गिऱ्हाईक मुकाट ऐकून घेतं, कारण त्याचा बंद पडलेला टेम्पो तिने मघाशीच चालू करून दिलेला असतो.

ती झाईची, मांगेल्या मच्छीमारांची मुलगी. वडील गणू मासेमारीच्या बोटींचं वायरिंग करायचे. बोटीवर बाईने चढायचं नाही, असं तेव्हा सगळेच म्हणत. पण गणूचे हात कापायला लागले आणि बोटींचे दिवे लागेनासे झाले, तेव्हा म्हणणाऱ्यांनी हळूच दुसरीकडे पाहिलं आणि हेमांगी पक्कड घेऊन वर चढली. बाप शेजारी बसून सांगायचा आणि ती वायर जोडायची. त्याने तिच्या डोक्यात दोन गोष्टी पक्क्या बसवल्या. खारा वारा आपला वैरी, म्हणून कुठलाही जोड ग्रीसने भरल्याशिवाय बंद करायचा नाही. आणि ज्या बोटीला हात लावला, तिच्या पहिल्या फेरीला आपण स्वतः बसायचं. बंद पडली तर कारागीरही पाण्यात अडकला पाहिजे, एवढा साधा हिशेब. बाप गेला, हेमांगी रस्त्यावरच्या गाड्या करू लागली, तरी या दोन गोष्टी तिने सोडल्या नाहीत.

धर्मेशभाईंची लाल गाडी तिच्या दारात आली ती दोरीने ओढत. पुढे चिकूचा टेम्पो, मागे ही. धर्मेशभाई घोलवडचे चिकूच्या वाडीवाले, पंचाहत्तरीला टेकलेले, आणि ही त्यांची दोन सीटांची परदेशी स्पोर्ट्स कार, तरुणपणी मुंबईच्या कुणा शौकिनाकडून घेतलेली. गाडी चालता चालता एकदम मरायची. अर्धा तास उभी राहिली की शहाण्यासारखी चालू व्हायची. वापीच्या मेकॅनिकांनी दोनदा तपासून ती ठणठणीत असल्याचं सांगितलं होतं, आणि त्यांचंही चुकलं नव्हतं, कारण तिथे पोचेपर्यंत ती ठणठणीत झालेलीच असायची.

टेम्पोतून धर्मेशभाईंचा मुलगा जिग्नेश उतरला. वडील जरा लांब गेल्यावर त्याने खरी गोष्ट सांगितली. वडिलांच्या डोळ्यांचा पडदा सुकत चालला होता. एक डोळा जवळजवळ गेलाच होता. दिवसा, ओळखीच्या रस्त्यावर, हळू चालवा, पण पुढच्या तपासणीपर्यंतच, असं वलसाडच्या डॉक्टरांनी बजावलं होतं. आणि त्याआधी म्हाताऱ्याला एकच करायचं होतं. लग्न झाल्यावर याच गाडीतून त्यांनी बायकोला, भाविनीबेनना, झाईच्या किनाऱ्यावर नेलं होतं. तसं एकदा पुन्हा, स्वतःच्या हाताने, तिला न्यायचं. तीनदा निघाले होते आणि तीनदा मध्येच अडकले होते.

"एवढंच ना?" हेमांगी म्हणाली. "काकांना सांगा, झाई गाठून देते. नाही गाठली तर दुकानाचा पत्रा उतरवते."

रोग तिने दुपारपर्यंत पकडला. पेट्रोलच्या पंपाला वीज देणारा रिले दगा देत होता. रिले म्हणजे काडेपेटीएवढी काळी डबी. तिच्यात थोडी वीज आली की आतली पट्टी 'टक' करून चिकटते आणि पंपाची मोठी वीज सुरू होते. पट्टी चिकटली नाही की पंप बंद, इंजिन बंद. हेमांगीने डबी उघडली, पट्टीची टोकं काळवंडलेली पाहिली आणि तिला वाटलं, खारा वारा, दुसरं काय? टोकं घासली, डबी ग्रीसने गच्च भरली आणि बंद केली. तिच्याच चालीप्रमाणे पहिल्या फेरीला ती धर्मेशभाईंच्या शेजारी बसली. गाडी बोर्डीपर्यंत गेली नि परत आली. हेमांगी आठवडाभर गावाला हे ऐकवत होती.

मग झाईला निघण्याआधीच एका सकाळी धर्मेशभाई काही कामाने तलासरीच्या रस्त्याला लागले आणि हायवेवर गाडी मेली. मागून ट्रक आला, त्याने कसाबसा ब्रेक दाबला. कुणाला खरचटलंही नाही, पण म्हातारा तासभर रस्त्याच्या कडेला बसून होता. निरोप मिळताच हेमांगी रिक्षाने तिथे पोचली. डबी उघडली तर आत काजळी. बोटीवरच्या जोडांना ग्रीस वाचवतं, ते जोड हलत नाहीत. रिलेची पट्टी मात्र दर वेळी उघडमीट करते, बारीक ठिणगी उडते, आणि त्या ठिणगीत ग्रीस जळून काजळी होते. औषधाचंच विष झालं होतं.

"माझी चूक हाय," ती धावत आलेल्या जिग्नेशला म्हणाली. "गाडीला बोट समजले मी."

जिग्नेशने तिला शिव्या दिल्या नाहीत. चावी तेवढी खिशात टाकली. "बेन, आता ए बंद," तो म्हणाला. "पप्पा नाय चालवणार."

त्याचं काही वावगं नव्हतं. पण हेमांगीला त्या दिवशी भाकर गोड लागली नाही. तपासणीची तारीख जवळ येत होती, आणि म्हाताऱ्याचे उरलेसुरले चांगले दिवस आपण आपल्या शहाणपणात घालवले, हे तिला आतून कुरतडत होतं. ती दुसऱ्या दिवशी वाडीवर गेली, गाडी द्या म्हणाली नाही, रिले तेवढे मागितले. पंपाचा एकच नाही, गाडीतले सगळे काढून आणले.

आता तिने खारा वारा डोक्यातून काढून टाकला आणि नीट विचार केला. गाडी तापली की मरते, निवली की उठते. म्हणजे दुखणं उन्हाचं आहे. तिने भर दुपारी दुकानापुढे काळी ताडपत्री अंथरली, तिच्यावर रिले मांडले आणि बॅटरी नि बल्ब जोडून शेजारी बसली. आल्यागेल्याने विचारलं की सांगायची, "बोंबील सुकवते." थंड असताना सगळ्यांचे बल्ब लागत होते. तापल्यावर पंपाच्या रिलेतून 'टक' आवाज आला, पण बल्ब लागला नाही. तिने तो पालथा घालून भिंगाखाली धरला. डबीच्या पायांच्या सोल्डरला, म्हणजे कथलाच्या डाकाला, केसाएवढी गोल चीर होती. ऊन लागलं की ती उघडायची, निवलं की मिटायची. दुसऱ्या दोघांतही तीच चीर निघाली.

तिने सगळ्यांचं सोल्डर नव्याने केलं, पट्ट्या घासून कोरड्या ठेवल्या, ग्रीसचा डबा पायाने लांब सारला. मग वाडीवर जाऊन रिले जिच्यावर बसतात ती पाटी इंजिनच्या धगीपासून काढून सीटखाली बसवली. हे सारं करून चावीची वेळ आली तेव्हा जिग्नेश अडून बसला. हेमांगीही काही कमी अडेल नाही.

"पहिल्या फेरीला मी बसते," ती म्हणाली. "झाईपर्यंत. पोचली तर मग काकी बसतील. नाही पोचली तर गाडी भंगारात घाला, मी स्वतः ढकलते."

भाविनीबेन पायरीवर उभ्या होत्या. त्या मुलाला एवढंच म्हणाल्या, "दे ने, दीकरा." जिग्नेशने चावी वडिलांना दिली, ते स्टिअरिंगवर बसले आणि हेमांगी शेजारी.

ऊन चांगलं तापलं होतं. गाडी बोर्डीतून गेली, सुरूंच्या बनाच्या बाजूने गेली, एकदाही अडखळली नाही. हेमांगी सीटखालच्या आवाजाकडे कान लावून होती आणि मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटत होती. झाई दोन वळणांवर आली आणि गाडी एकदम कडेला जाऊन थांबली. इंजिन बंद.  हेमांगी सीटखाली हात घालणार, तोच धर्मेशभाईंनी तिचा हात धरला.

"रिले नाय, दीकरी. मीच उभी केली." त्यांनी चावी काढून तिच्या हातात ठेवली. "एक सायकलवाला बाजूने गेला. गेल्यावर दिसला मला."

 मग ते उतरले, दोघांनी जागा बदलली आणि हेमांगीने गाडी माघारी आणली.

वाडीच्या फाटकात जिग्नेशने पाहिलं ते हेमांगीला स्टिअरिंगवर. त्याचं तोंड कडू झालं. "परत बंद पडली?"

हेमांगीने म्हाताऱ्याकडे पाहिलं नाही. जिने गावभर आपल्या कामाचे नगारे वाजवले, ती खाली बघून म्हणाली, "हो. रिले गेला परत. माझ्याने नाही झाला."

एवढं बोलायला तिला किती जड गेलं असेल, ते तिचं दुकान ज्याने पाहिलंय त्यालाच कळेल. मला विचाराल तर तिने केलेल्या सगळ्या दुरुस्त्यांपेक्षा हे खोटं मोठं होतं. पण धर्मेशभाईंना ते सोसलं नाही.

"खोटं बोलते ही," ते म्हणाले. "गाडी एकदम बराबर चालली. हिचा काम पक्का हाय. माझे डोळे गेले, जिग्नेश. आज गेले."

मग ते भाविनीबेनकडे वळले. भाविनीबेन वाडीतली जीप वर्षानुवर्षं चालवत होत्या, चिकूचे क्रेट त्यांनीच स्टेशनला पोचवले होते, पण लाल गाडीच्या स्टिअरिंगला नवऱ्याने आजच्या आधी कुणाचा हात लागू दिला नव्हता. धर्मेशभाईंनी हेमांगीकडून चावी घेतली आणि बायकोच्या हातात ठेवली.

"तू चालव," ते म्हणाले. "समुद्र आला की सांग मला."

भाविनीबेननी पदर खोचला, सीट पुढे ओढली. धर्मेशभाई बॉनेटवर हात ठेवत ठेवत पलीकडच्या दाराशी गेले आणि आत बसले. गाडी सुरू झाली, फाटकातून बाहेर पडली आणि झाईच्या बाजूला वळली. हेमांगी फाटकाशीच उभी राहून रडली, आणि जिग्नेशसमोर रडायची तिला अजिबात लाज वाटली नाही.