मधमाश्यांना सांगायचं राहिलं

मंडळी, आज मी मधमाश्यांशी खोटं बोलले.

हॅम्बर्गमधल्या आमच्या शेजारच्या हेल्गा आजी परवा गेल्या. आयुष्यभर शाळेत ग्रीक शिकवलं, रिटायर झाल्यावर मधमाश्या पाळल्या. त्यांच्या पेटीवर एका प्राचीन ग्रीक सोन्याच्या पदकाचं चित्र चिकटवलंय. वर पंखवाली बाई, कमरेखाली मधमाशी. "देमेतर देवीच्या पुजारणींना मेलिसा म्हणायचे, म्हणजे मधमाशी," हे त्या मला दर वेळी नव्याने सांगायच्या. "मीही त्यातलीच. गेनाऊ! अगदी तस्सं!"

आज सकाळी त्यांच्या मुलीचा फोन आला. इथे जुनी रीत आहे. पाळणारं माणूस गेलं की पेटीवर टकटक करून माश्यांना सांगायचं, नाहीतर त्याही निघून जातात. ती म्हणाली, "मला नाही जमणार. तू सांगशील? तुला ओळखतात त्या."

भुरभुर पावसात बागेत गेले. टकटक केली. आतली गुणगुण वाढली, आणि माझ्या तोंडून मराठीत निघालं, "आजींना जरा बरं नाहीये गं बायांनो. येतील."

बाबा गेले तेव्हा काकांनी मला फोनवर असंच सांगितलं होतं. "जरा सीरियस आहेत, मिळेल त्या विमानाने ये." अख्खा प्रवास मी बाबांशी काय काय बोलायचं ते ठरवत होते. काकांवरचा माझा राग कित्येक वर्षं गेला नव्हता. आज गेला.

उद्या पुन्हा जाऊन खरं सांगायलाच हवं. कसं सांगतात हो? तुमच्यापैकी कुणाला जमलंय?