कळांच्या खोलीतली तिसरी ओळ

सात फेब्रुवारी. सकाळपासून दुपारपर्यंत त्या प्रसूतिगृहात सहा जीव जन्माला आले. सहाही सुखरूप.

सहावी मुलगी एका प्राध्यापकांची नात. निवडक कवितांच्या एका संग्रहाचे ते संपादक. ज्याची कविता त्या संग्रहात नाही तो विद्यापीठाच्या लेखी कवीच नाही, अशी त्या ग्रंथाची पत होती. लेक आत कळा सोसत असताना बाहेरच्या बाकावर बसून त्यांनी दाराआडून काही ओळी ऐकल्या. मोठ्या सिस्टर त्या तिच्याकडून म्हणवून घेत होत्या:

लाट आली, लाट गेली,
दूरची होडी जवळ आली,
थांब जरा, दम घे बाई,
पुढची लाट तीरी नेई.

मोठ्या सिस्टरांची ही जुनी रीत. पहिल्या दोन ओळी कळ येताना, तिसरी कळ ओसरल्यावर, चौथी पुढच्या कळेची तयारी म्हणून. गावातल्या निम्म्या आयांना ती कविता पाठ होती. कवी कोण, हे कुणी विचारले नव्हते. कवी होता सिस्टरांचा धाकटा भाऊ, नळखात्यातून निवृत्त झालेला. बहिणीचा जेवणाचा डबा तो रोज आणून देई. त्याच्या कविता प्राध्यापकांच्या संग्रहाच्या दोन आवृत्त्यांतून साभार परत आल्या होत्या. तिसरीनंतर प्राध्यापक हे काम सोडणार होते. हीही हुकली तर आपण जन्मभर उगाच कागद काळे केले असे ठरेल, हा घोर त्याच्या जिवाला लागला होता.

नातीचे तोंड पाहून प्राध्यापक बाहेर आले. “सिस्टर, हे लोकगीत फार सुंदर आहे. कवी अज्ञात असं लिहून संग्रहात घेतो.”

“अज्ञात कसला? तो काय, डबा घेऊन उभा आहे.”

भावाने पुढे होऊन आपले नाव सांगितले. प्राध्यापकांनी चष्मा सावरला. “तुम्ही? ते विरहाच्या कविता पाठवणारे?”

“आणि तुम्ही त्या परत पाठवणारे,” भाऊ म्हणाला.

“त्यांत माणूसच नव्हता हो. इथे आहे. विशेषतः तिसऱ्या ओळीत. सगळी कविता त्या ओळीच्या जोरावर उभी आहे.”

भावाचा चेहरा पडला. त्याची मूळ तिसरी ओळ होती, ‘अनंताच्या विरहाची ही कशी नवलाई’. कळा देणाऱ्या बायकांना ती एका दमात पुरी होईना, म्हणून ताईने काढून टाकली आणि तिथे आपली घातली. तेव्हा तो चिडून म्हणाला होता, “माझ्या ओळीचा मुडदा पाडलास.” ताई म्हणाली होती, “तुझी ओळ संपेपर्यंत बाई बाळंत होऊन घरी जाईल.” त्यावरून दोघांत बरेच दिवस अबोला होता.

आता ताईने त्याला कोपराने ढोसले. “हो म्हण आणि मोकळा हो,” ती पुटपुटली.

त्याने डबा बाकावर ठेवला. “सर, ती ओळ माझी नाही. ताईची आहे.”

प्राध्यापक विचारात पडले. “एका कवितेला दोन नावं? आमच्या अनुक्रमणिकेत ते बसत नाही.”

“मग बसवूच नका,” ताई म्हणाली. “त्याचं एकट्याचं घाला. माझं काय अडलंय?”

“ताई, पण...”

“पण काय पण. घरी जा, बायको वाट बघत असेल. मला आत आणखी एक बाई बघायची आहे.”

कवीला परंपरेत स्थान कशामुळे मिळते, याची चर्चा प्राध्यापकांनी प्रस्तावनेत सविस्तर केली आहे. त्यांनी प्रतिभेचा आणि अनुभवाच्या खोलीचा उल्लेख केला आहे. धाप लागलेल्या बायकांच्या तोंडी जे शब्द टिकले नाहीत ते गळून पडले आणि टिकले तेच कविता ठरले, या निवडीविषयी तिथे अक्षर नाही.

संग्रह निघाला. भाऊ भेटेल त्याला ते पान उघडून दाखवू लागला. नळ दुरुस्त करणाऱ्या जुन्या सोबत्यांनाही सोडले नाही. दर वेळी तिसऱ्या ओळीवर बोट ठेवून तो म्हणे, “ही ताईची. बाकी माझ्या.” ऐकणारे हसत, तोही हसे. छापलेल्या पानावर मात्र एकच नाव आहे. त्या एका ओळीचे श्रेय अजून दिले गेलेले नाही.